सातबाऱ्यावरून गळलेलं 'ए.कु.मॅ.'

शिळफाट्याजवळची आमची 14 गुंठे जमीन 'फक्त आमचीच' असं चुलतभाऊ म्हणू लागला. सातबाऱ्यावर नाव एकट्या मोठ्या काकांचं, त्यामुळे बाबा हबकूनच गेले.

मी चालू उताऱ्यावर थांबलो नाही. त्यावरच्या फेरफारांच्या, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींच्या, क्रमांकांवरून मागे जात राहिलो आणि अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला. चार खेपा झाल्या. शेवटी आजोबांच्या वारसाचा फेरफार हाती आला. पिवळा, कडा झिजलेला कागद आणि काकांच्या नावापुढे तलाठ्याच्या अक्षरात तीनच अक्षरं: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर! काका मालक नव्हते, घराच्या वतीने त्यांचं नाव लागलं होतं. उतारा संगणकावर चढताना ती अक्षरं गळली. माझे तर डोळेच भरून आले.

आजोबांनी कूळ म्हणून जमीन विकत घेतल्याचं, कुळकायद्याचं 32म प्रमाणपत्रही आत्याच्या ट्रंकेत सापडलं. साक्षांकित नकला जोडून महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्तीचा अर्ज केला. नोंद दुरुस्त झाली. सातबारा मुळात महसुली नोंद, मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा, हे वकिलांनी आधीच बजावलं होतं. पण तिथवर जावंच लागलं नाही. नक्कल वाचून तोच चुलतभाऊ म्हणाला, "मोजणीला तारीख घेऊ."