‘दे की रे त्याला!’ : मुलांना वाटून घ्यायला शिकवताना या चुका टाळा

पाहुण्यांचं पोर येतं, आपल्या लेकाचा लाडका जेसीबी उचलतं आणि रडारड सुरू होते. मग आपलं ठेवणीतलं वाक्य: ‘दे की रे, तू दादा ना!’ तरी नाही दिला तर आपणच काढून घेतो. दिला कोणी? आपण. लेकाला कळलं एवढंच, की मोठ्यांना हिसकावता येतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टिकर स्वतःला ठेवायचा की उदास बाहुल्याला द्यायचा, हे ज्यांना खरोखर ठरवू दिलं, ती मुलं पुढच्या वेळी जास्त उदार झाली. म्हणून पाहुणे यायच्या आधीच विचारा, ‘कुठली खेळणी बाहेर ठेवू या, कुठली कपाटात?’ कपाटात गेलेल्यांचा विषय मग काढायचा नाही, आत्याने टोमणा मारला तरी. बाहेरच्या खेळण्यावरून जुंपलीच, तर ‘तुझं खेळून झालं की त्याला दे’ एवढं पुरे.

‘बहिणीला मदत केलीस तर चॉकलेट’ हा सौदाही नको. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये एका प्रयोगात 20 महिन्यांच्या बाळांना मदतीबद्दल बक्षीस दिलं, तेव्हा पुढे त्यांची मदत कमी झाली. नुसतं कौतुक केलेल्यांची झाली नाही. ‘तू पाणी आणून दिलंस, आजीला उठावं लागलं नाही’ असं नेमकं बोला.

‘कंजूष’ हा शब्द तर चेष्टेतही नको.

वाढदिवसाला अनाथाश्रमात जाऊन फोटो काढणं मला खटकतं. तिथल्या मुलांना आपल्या केकसाठी ओळीत का उभं करायचं? घरी तुटकी गाडी आणि चाकं नसलेली ट्रेन ‘गरिबांना’ म्हणून पिशवीत भरतो, तेही तसंच. चालू स्थितीतली एक वस्तू मुलाने स्वतः निवडू दे. नाही निवडली, तर यंदा राहू दे. दिवाळीत शेजारी फराळाचं ताट न्यायचं कामही त्याच्याकडेच सोपवा. चकल्या किती, लाडू किती, तो ठरवेल.

उलटीही तक्रार असते: पोरगी सगळंच देऊन टाकते. डबा रोज रिकामा, आणि घरी आल्यावर भुकेने कासावीस. अशा वेळी ‘किती गुणाची’ म्हणून मोकळं होऊ नका. डबा कोण खातं, नाही दिला तर कोण कट्टी घेतं, हे शांतपणे विचारा. ‘आज नाही देणार’ हे वाक्य घरी तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, आणि गरज वाटली तर वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला.