रुग्णाच्या उशाशी बसताना मन कसे सांभाळावे

ठाण्या-कळव्याच्या रुग्णालयांत आप्तांच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांचा शीण केवळ जागरणाचा नसतो. स्वतःला दुखते तेव्हा मेंदूतील अग्र इन्सुला आणि अग्र सिंग्युलेट हे भाग सक्रिय होतात. जवळच्या माणसाला वेदना होत आहेत एवढे कळले तरी ते सक्रिय होतात, असे मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांच्या अभ्यासातून दाखवले. पुढील प्रयोगांत केवळ समानुभूतीच्या, म्हणजे दुसऱ्याचे दुःख स्वतः अनुभवण्याच्या, सरावाने सहभागींची अस्वस्थता वाढली; करुणेच्या, म्हणजे त्याचे भले चिंतण्याच्या, सरावाने मात्र ती ओसरली.

म्हणून रुग्ण कण्हू लागला, की त्याची वेदना कल्पनेने स्वतः भोगत बसू नये. दोन्ही पावले जमिनीवर टेकवावीत, श्वास संथपणे सोडावा आणि ‘यांना आराम पडो’ एवढेच मनात म्हणावे. लगेच हाताशी असलेले एखादे काम करावे: उशी सरळ करावी, किंवा तोंडाने पाणी देणे बंद असेल तर परिचारिकेला विचारून कोरड्या ओठांवरून ओला कापूस फिरवावा.

हे ऐनवेळी सुचत नाही. रोज काही मिनिटे आधी आवडत्या माणसासाठी, मग स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी तेच वाक्य म्हणून पाहावे. नावडत्या माणसाची घाई करू नये. बहुतेकांचे घोडे तिथेच अडते.

झोपेची उणीव मात्र याने भरून निघत नाही, त्यामुळे शक्य तेव्हा रात्रीची पाळी दुसऱ्याकडे सोपवावी.