तलावाचं पाणी तपासताना: रसायन आणि प्राणीप्लवक एकाच सकाळी

जळगावचा मेहरूण तलाव असो, धुळ्याचा नकाणे असो की हतनूर धरणाचा फुगवटा, नमुना सकाळी सात ते नऊच्या दरम्यान घ्या. दुपारचा आकडा फसवतो. हिरवट पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्यामुळे तीन वाजता विरघळलेला ऑक्सिजन भरपूर आणि सामू (पीएच) नऊच्या आसपास दिसतो. पण त्याच पाण्यात पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकत असतात. पुढच्या खेपेलाही जागा आणि वेळ तीच हवी.

तापमान आणि सामू काठावरच मोजायचा. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेक्की तबकडी सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, या दोन्हींची सरासरी म्हणजे पारदर्शकता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गढूळपणामुळे ती घटते, त्याचं खापर शेवाळावर फोडू नका.

ऑक्सिजनसाठी ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) पाण्याखाली तिरकी धरून भरा, आत एकही बुडबुडा नको. लगेच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली असू द्या. बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका अर्ध्यावर बसला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. अझाइड विषारी आहे, हातमोजे घालाच. बाटली अंधारात, थंड डब्यात ठेवा आणि काही तासांतच अनुमापन (थेंबाथेंबाने रसायन घालून मोजणी, टायट्रेशन) उरका, कारण मे महिन्याच्या उकाड्यात आयोडिन उडून जातं आणि आकडा कमी येतो.

२०३ मिलिलिटर नमुना ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने फिकट पिवळा होईपर्यंत अनुमापित करा, मग स्टार्च. निळा रंग गेला की लागलेले मिलिलिटर हाच ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. २०० च्या वरचे ३ मिलिलिटर म्हणजे रसायनांनी बाहेर ढकललेल्या पाण्याची भरपाई. थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर पडलं तर ते जास्त लागतं आणि मेलेलं पाणीही चांगलं दिसतं. त्यामुळे प्रमाणीकरण, म्हणजे थायोसल्फेटची खरी तीव्रता तपासणं, त्याच दिवशी.

कठीणता सोपी: ५० मिलिलिटर पाणी, बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक, आणि अनुमापनाला ०.०१ मोलर ईडीटीए. लाल रंग निळा झाला की लागलेले मिलिलिटर गुणिले २० म्हणजे कठीणता, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. आपल्या बेसाल्टी मुलखात कठीणता मुळातच बरी असते. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती आणि क्लोराइड दोन्ही चढतात, तेव्हा पाणीपातळी नोंदवल्याशिवाय सांडपाण्यावर बोट ठेवू नका. फॉस्फेटची बाटली साबणाने धुतलेली नको. केळीच्या शेतांतून पहिल्या पावसात वाहून येणारं नायट्रेट पकडायचं तर जूनचा नमुना चुकवू नका.

रसायन त्या घटकेचं सांगतं, प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) मागच्या दोन-तीन आठवड्यांचं. ६० मायक्रॉनच्या आसपासच्या जाळीतून ५० लिटर पाणी हळूहळू ओता. जाळी चोंदून काठावरून पाणी सांडलं तर मोजणी बाद. गढूळ पाण्यात २० लिटरच घ्या. जाळी बाहेरून धुवा, म्हणजे चिकटलेले जीव खालच्या नळीत उतरतात. ४५ मिलिलिटर अर्क (नळीत जमलेलं जीवांचं पाणी) आणि टिकवण्यासाठी ५ मिलिलिटर बाजारी फॉर्मेलिन. त्याआधी थोडं सोडा वॉटर घातलंत तर रोटिफर (चक्रधारी सूक्ष्मजीव) आकसत नाहीत. फॉर्मेलिनमध्ये साखर असली तर डॅफ्नियाची (पाणपिसवांची) अंडी बाहेर पडत नाहीत.

बाटली हलवून १ मिलिलिटर सेजविक-राफ्टर कोशात (सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीच्या काचपट्टीत) घ्या. तीन कोश मोजून सरासरी काढा. सरासरी गुणिले अर्काचे मिलिलिटर, भागिले गाळलेले लिटर. ४२ जीव, ५० मिलिलिटर, २० लिटर असेल तर लिटरला १०५.

ब्रॅकिओनस या रोटिफरच्या जाती आणि मोइना ही छोटी पाणपिसू वरचढ, डायप्टोमससारखे कॅलॅनॉइड (लांब मिशांचे कोपेपॉड, बारीक कवचधारी) नाहीसे, असं चित्र सेंद्रिय भाराकडे बोट दाखवतं. मात्र एकटा ब्रॅकिओनस दिसला म्हणून निकाल देऊ नका, कोमट आणि सुपीक पाण्यात तो असतोच. मोठे डॅफ्निया गायब असतील तर आधी मच्छीमार सोसायटीला विचारा की बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) कधी सोडली. कटला प्राणीप्लवकावरच वाढतो, आणि खातो तेही मोठे जीव आधी.