जुना जपानी इमारी बाऊल घ्यायचाय? आधी तो उलटा करून बघा

बाऊल हातात आला की आपण सगळे आतली नक्षी बघत बसतो. गडद निळा, विटकरी लाल, त्यावर सोनेरी रेघा, मधोमध फुलांची परडी, बघणारा विरघळतोच आणि मी तर दरवेळी विरघळते. पण जुन्या जपानी पोर्सिलेनचं, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचं वय बुडाकडून कळतं, त्यामुळे पहिलं काम म्हणजे दोन्ही हातांनी पोटाला धरून तो उलटा करायचा, काठाला धरून कधीच उचलायचा नाही कारण जुनी दुरुस्ती बहुतेकवेळा काठालाच असते.

थोडी पार्श्वभूमी सांगते, खरेदी करताना उपयोगी पडते. इमारी हे बंदराचं नाव. माल बनायचा जवळच्या आरिता गावात, क्युशू बेटावर, आजच्या सागा प्रांतात, पण जहाजात चढायचा इमारीला म्हणून तेच नाव चिकटलं. आरिताच्या इझुमियामा डोंगरात १६१६ च्या सुमारास पोर्सिलेनचा दगड सापडला आणि त्याचं श्रेय परंपरेने री साम्पेई या कोरियन कुंभाराला देतात, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांमधे (१५९२ ते ९८) असे बरेच कारागीर जपानात आणले गेले होते. पुढे १६४४ मधे चीनमधे मिंग घराणं कोसळलं, तिकडून माल येईना, आणि १६५९ मधे डच ईस्ट इंडिया कंपनीने आरिताकडे ५६ हजारांवर नगांची ऑर्डर टाकली. युरोपातल्या राजवाड्यांत जपानी पोर्सिलेन दिसतं ते या व्यापारामुळे.

आता बूड. वाडगा ज्या कड्यावर टेकतो तिथे ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर नसतो, उघडी माती दिसते. तिच्यावरून बोट फिरवा. जुन्या नगाचं कडं वापराने गुळगुळीत झालेलं असतं पण सगळीकडे सारखं नाही, एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, खाचांत मळ मुरलेला, कधी भट्टीतली वाळू चिकटून राहिलेली. मुद्दाम जुना केलेला नग असेल तर तपकिरी डाग सगळीकडे एकसारखा असतो, चहात बुडवल्यासारखा. मग कड्याच्या आतल्या भागात बघा, मोठ्या वाडग्यात तिथे एक, तीन, पाच असे बारीक टेंगूळ सापडतात. भट्टीत बूड खाली बसू नये म्हणून मातीचे छोटे सुळके टेकू म्हणून लावायचे, माल भाजून झाला की ते मोडून काढायचे, त्यांच्या या खुणा. चिनी मालावर सहसा त्या नसतात म्हणून जपानी-चिनी ओळखायला फार कामाच्या.

बुडावर अक्षरं दिसली की लोक लगेच हुरळून जातात, तिथे जरा थांबा. जपानी कारागीर चिनी बादशहांच्या नावाच्या खुणा सर्रास काढायचे, त्यामुळे 'महान मिंग, चेंगहुआच्या काळात बनवलेलं' असं लिहिलेला वाडगा आरिताचा असू शकतो आणि मिंग काळानंतर दोनशे वर्षांचाही. नुसतं चौकोनात 'फुकू' म्हणजे सौख्य असंही असतं. कामाची खूण वेगळीच आहे. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'निप्पॉन' (जपानचंच जपानी नाव) लिहिलं असेल तर नग साधारण १८९१ ते १९२१ मधला, 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुतेक त्यानंतरचा. खूणच नसेल तर घाबरू नका, जपानातल्याच गिऱ्हाइकासाठी बनलेल्या कितीतरी जुन्या नगांवर काहीच नसतं.

नक्षी हाताची की छापील हे बघायला सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या, दुसऱ्या कशाचीच गरज नाही. हाताच्या कामात आधी बाह्यरेषा काढतात, मग जाड कुंचल्याने आत निळा रंग भरतात, याला तिकडे 'दामी' म्हणतात आणि आरितात हे काम परंपरेने बायका करायच्या. भिंगाखाली तो रंग कुठे साचलेला, कुठे पातळ दिसतो, अगदी पाण्याचा ओघ दिसतो. मेजी काळात म्हणजे १८६८ नंतर स्टेन्सिल आणि तांब्याच्या पत्र्यावरून कागदाने छापणं आलं, त्यात बारीक समांतर रेघा असतात आणि जिथे कागदाचे दोन तुकडे भेटले तिथे नक्षीचा सांधा चुकलेला असतो. ही छापील मेजी भांडीसुद्धा आता शंभर वर्षांवरची आहेत आणि मला मनापासून आवडतात, जपानच्या जुन्या बाजारात छोटा वाडगा काही हजार येनांत मिळतो, सुरुवात तिथूनच करा. पण भिंगात सुबक ठिपक्या-ठिपक्यांची छपाई दिसली तर तो अलीकडचा माल, शोभेला घ्या, जुना म्हणून पैसे मोजू नका.

दुरुस्ती कशी पकडायची हे मी पैसे घालवून शिकले. एका दुकानातून हौसेने बाऊल आणला, घरी रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च बाऊलच्या कडेला बाहेरून लावला तर सगळा बाऊल आतून दुधासारखा उजळला आणि काठाजवळ सुपारीएवढा एक काळा ठिपका तसाच राहिला. तुटलेला भाग भरून त्यावर रंग आणि वार्निश मारलं होतं, तिथून उजेड जाईना. दुकानात भर दुपारी काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून टॉर्च दुकानातच लावते, विकणाऱ्याला आधी विचारून. दुरुस्ती हातालाही कळते, पोर्सिलेन थंडगार लागतं आणि भरलेला भाग किंचित कोमट, नखाला मऊ. शेवटी माठ घेताना ठोकतो तसं बोटाच्या पेराने हलकेच वाजवा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. किन्त्सुगी म्हणजे उरुशी लाखेने जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावलेली दुरुस्ती मात्र उघडउघड असते, ती दोष म्हणून बघू नका, चांगली केलेली असेल तर मी तोच नग आधी उचलेन.

घ्यायचा कुठे? क्योतोत तोजी देवळापाशी दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगू देवळापाशी २५ तारखेला बाजार भरतो, सकाळी लवकर जा. आरितात २९ एप्रिल ते ५ मे मोठा पोर्सिलेनचा बाजार असतो पण तिथे बराचसा माल नवा, जुनं बघायचं तर त्याच गावातलं क्युशू सिरॅमिक म्युझियम, तिथल्या शिबाता संग्रहात दहा हजारांवर नग आहेत आणि काळाप्रमाणे नक्षी कशी बदलत गेली ते एका फेरीत डोळ्यात बसतं. मुंबईकरांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं चिनी-जपानी दालन बघून घ्या, डोळा तयार व्हायला खरे नग बघण्याला पर्याय नाही.

घरी आणल्यावर धुणं. ओट्यावरच्या स्टीलच्या सिंकमधे नाही, प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल टाकून, कोमट पाणी आणि थेंबभर भांड्यांचं लिक्विड, मऊ कापडाने. सोनेरी आणि लाल रंग ग्लेझच्या वर बसवलेले असतात, नंतर कमी आचेवर भाजलेले, त्यामुळे घासले की जातात. घासणी, खायचा सोडा, लिंबू, चिंच, ब्लीच काहीही लावू नका. किन्त्सुगीचा नग पाण्यात भिजत ठेवायचा नाही आणि मायक्रोवेव्ह, डिशवॉशर तर विसराच. जुन्या वरच्या रंगांत शिसं असू शकतं म्हणून त्यात श्रीखंड वाढायचा मोह आवरा.

मांडताना भिंतीवर स्प्रिंगच्या तारेत अडकवू नका, काठावर सतत ताण येतो आणि एक दिवस टवका उडतो. गडद लाकडावर एकटा ठेवा, जवळ दुसरं काही नको, वरून साधा पिवळसर दिवा पुरे. दिवाळीत पाणी, पाकळ्या आणि तरंगते दिवे सोडायची आपल्याकडे पद्धत आहे, इथे दिवे नकोत, एका बाजूने गरम झालं की जुना केसाएवढा तडा वाढतो, फुलं ठेवायची तर आत काचेचा वाडगा ठेवून त्यात पाणी घाला. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर बुडाला म्युझियम वॅक्सचे (वस्तू जागेवर चिकटवून ठेवणारं मेण) तीन ठिपके लावा.

पॉलोनिया लाकडाची मूळ पेटी मिळाली तर जपून ठेवा पण पेटीवरचं लिखाण वाचून नगाचं वय ठरवू नका, पेट्या एकीकडच्या दुसरीकडे जातात. विमानात हँडबॅगेतच आणा, आत मऊ कागद भरून, आणि बिल नीट सांभाळा, कारण भारतात शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, उद्या तो नग परत परदेशी न्यायचा झाला तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारावं लागेल.