गुलमर्गला निघण्याआधी गॉगलची काच

जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी लागलेली असते आणि दुपारचं ऊन तिच्यावर पडतं, तेव्हा डोळे कसे दिपतात हे वणी-पांढरकवड्याच्या माणसाला सांगायला नको. गुलमर्गचा बर्फ त्याच्याही कितीतरी पुढचा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं उलट फेकतो, आणि गाव साधारण २,६५० मीटर उंचीवर असल्यानं वरून येणारं ऊनही जास्त बोचरं. स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीवर, बसायचं असेल तर स्वेटर-मोज्यांच्या आधी गॉगलचं बघा.

एकच काच नेऊ नका. मागच्या हिवाळ्यात मी एकच नेली होती, तीही काळीकुट्ट. पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं, भागलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि सगळं पांढरं एकसारखं झालं. सावलीच पडत नाही, त्यामुळे उंचवटा कुठे आणि खड्डा कुठे काही कळत नाही. आपल्याकडे धुक्यात निदान धुऱ्यावरची बाभूळ तरी काळी दिसते. गाडी एका उंचवट्यावरून अशी उडाली की मागे बसलेल्या भाच्याची हनुवटी माझ्या पाठीत बसली. मग मी गॉगल वर सरकवला आणि उघड्या डोळ्यांनी फिरलो, ही दुसरी चूक. ढगांतूनही अतिनील किरणं येतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, पाणी थांबेना.

तेव्हा लख्ख उन्हासाठी ३ नंबर श्रेणीची काच घ्या, ती ८ ते १८ टक्केच उजेड आत सोडते. ढगाळ दिवसासाठी पिवळी किंवा गुलाबी, १ नंबरची, म्हणजे ४३ ते ८० टक्के. पैशाअभावी एकच घेणार असाल तर मधली, २ नंबरची घ्या. मात्र ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच, असं लिहिलेलं आहे का ते आधी बघा. नुसत्या काळ्या रंगाचा भरवसा नाही. काळ्या काचेमागच्या अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसलेल्या काचेतून उलट जास्त किरणं आत जातात. उन्हात आपोआप काळी होणारी काच थंडीत पुन्हा उजळायला वेळ लावते, झाडांच्या सावलीत शिरलात की अडचण होते.

काच दुहेरी हवी, म्हणजे वाफ कमी धरते. आतून ओली झाली तर घासू नका, मऊ कापडानं नुसती टिपा. घासली की आतला लेप जातो. आणि आपली सवय, नाकातोंडावर दुपट्टा घट्ट बांधायची, तिथे मोडावी लागेल. श्वास वर चढतो आणि काच दोन मिनिटांत धुरकटते. दुपट्टा नाकाखाली ठेवा.

चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा. हेल्मेटसोबत तो घरीच घालून बघा, कपाळावर फट राहायला नको.

दुसरी काच मऊ पिशवीत, जॅकेटच्या आतल्या खिशात. आणि निघण्याआधी अंगणात हातमोजे घालून ती चार वेळा बदलून बघा, कारण तिथे बोटं गारठतात.