जुनं फोरट्रान एक्सेलमधून चालवायचंय? आधी बिट बघा

फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतलं जुनं कॅल्क्युलेशन आकडे बरोबर देतंय तर ते परत व्हीबीएत (एक्सेलच्या मॅक्रोच्या भाषेत) लिहीत बसायचं कशाला, त्याची डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला बोलवता येणारी कोडची फाइल) करा आणि एक्सेलमधून सरळ बोलवा. होतं ते, फक्त तीन-चार ठिकाणी डोकं फुटतं.

पहिलं म्हणजे एक्सेल ३२ बिट का ६४ ते बघा, फाइल मग अकाउंट मग अबाउट एक्सेल, तिथे वरच लिहिलेलं असतं. ६४ बिट एक्सेल ३२ बिटची डीएलएल लोडच करत नाही, कितीही डोकं आपटा. ऑफिस २०१९ पासून डिफॉल्ट ६४ च बसतं, म्हणून वर्षानुवर्षं चाललेली शीट नव्या लॅपटॉपवर अचानक रुसते. सोर्स (मूळ कोड) असेल तर जीफोरट्रानने (कोडवरून डीएलएल बनवणारा फुकट कंपायलर) परत कंपाइल करायचं. सोर्स हरवला असेल (बहुतेक हरवलेलाच असतो) तर ३२ बिट ऑफिस टाका, नाहीतर ती डीएलएल बोलवणारी छोटी ३२ बिट एक्झी करून टेक्स्ट फाइलमधून आकडे द्या-घ्या.

कंपाइल करताना शेअर्डसोबत स्टॅटिकचा ऑप्शनही द्या. मी नव्हता दिला, फाइल डोळ्यासमोर असून एरर ५३, फाइल सापडत नाही म्हणे, अख्खी दुपार गेली, कारण सापडत नव्हती ती जीफोरट्रानची स्वतःची रनटाइम (चालताना लागणारी) डीएलएल! एरर ४५३ आला तर नावात घोळ आहे. जीफोरट्रान नाव स्मॉल लेटरमध्ये करून शेवटी अंडरस्कोर लावतो, ते तसंच्या तसं व्हीबीएच्या डिक्लेअर ओळीतल्या एलियासमध्ये टाका. आणि एरर ४९ म्हणजे कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला आकडे कसे पोचवायचे याची पद्धत) जुळत नाही, ती कटकट ३२ बिटवाल्यांनाच.

आता डिक्लेअरची ओळ, म्हणजे डीएलएलमधल्या सबरूटीनची व्हीबीएला ओळख करून देणारी. ६४ बिटमध्ये तिच्यात पीटीआरसेफ हा शब्द लिहावाच लागतो. फोरट्रानचा इंटिजर व्हीबीएत लाँग होतो, इंटिजर नाही, कारण व्हीबीएचा इंटिजर १६ बिटचाच असतो. डबल प्रिसिजनला डबल, साध्या रिअलला सिंगल. फोरट्रान सगळं बायरेफ (आकडा नाही, त्याचा मेमरीतला पत्ता) घेतं आणि व्हीबीएचा डिफॉल्टही तोच, तेव्हा उगाच हुशारी करून बायव्हॅल (थेट आकडा) लिहू नका. अ‍ॅरे (आकड्यांची यादी) असेल तर फक्त पहिला एलिमेंट पाठवायचा, बाकीचं फोरट्रान बघून घेतं. मॅट्रिक्सला दोघंही कॉलमवार साठवतात त्यामुळे उलटीपालटी होत नाही, सी भाषावाल्यांना मात्र ट्रान्सपोज करत बसावं लागतं. शीटवरच्या रेंजची व्हॅल्यू व्हेरियंट (कुठलाही टाइप चालणारी) असते, ती लूप लावून आधी डबलच्या अ‍ॅरेत भरा.

टाइप चुकला तर एरर न देता एक्सेल गायब होऊ शकतं, सो रन करायच्या आधी सेव्ह. एकदा कॉल झाला की एक्सेल डीएलएल धरून बसतं, परत कंपाइल करायची तर एक्सेल बंद करूनच.

आणि जुन्या कोडमध्ये स्टॉप (प्रोग्राम तिथेच थांबवायची आज्ञा) शोधा. इनपुट चुकलं की स्टॉप लिहायची तेव्हा सवयच होती, पण डीएलएलमध्ये तो आला की सबरूटीन नाही, एक्सेलच बंद होतं. सगळे स्टॉप काढून तिथे रिटर्न टाका आणि एक एरर नंबर परत पाठवा.