पत्रीवाल्या मावशींचं ज्ञान वहीत कसं उतरवावं: लिदिया काब्रेराकडून घेतलेली शिस्त

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत पत्रीवाल्या मावशींना काही विचारायला जाऊ नका. त्या दिवशी त्यांना चहाचा घोट घ्यायलाही सवड नसते. आषाढात, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा. आधी काहीतरी विकत घ्या आणि मगच बोलायला बसा.

मुळशी, वेल्हे, भोरकडून येणाऱ्या या बायकांना झाडपाल्याचं जे ठाऊक आहे, ते त्यांच्या नातवंडांना सांगायला घरात कुणाला वेळ नाही. म्हणून मी वही घातली. पण ती कशी लिहावी, हे मला क्यूबाच्या लिदिया काब्रेराच्या कामातून उमगलं. काब्रेरा १८९९ साली हवानातल्या सुखवस्तू घरात जन्मली. वडील वकील आणि लेखक. आफ्रिकी वंशाच्या दाया आणि नोकरचाकर यांच्या तोंडच्या गोष्टी ऐकत ती वाढली. १९२७ साली कलेच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेली. तेरेसा दे ला पार्रा ही व्हेनेझुएलाची कादंबरीकार तिची जिवलग मैत्रीण. ती क्षयानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं मन रमावं म्हणून काब्रेरानं कथा लिहिल्या. १९३६ साली त्या आधी फ्रेंचमध्ये छापल्या गेल्या. १९३८ साली मायदेशी परतल्यावर ती हवानाजवळच्या मारियानाओत राहू लागली. जवळच पोगोलोत्ती ही कामगारवस्ती होती. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशी वर्षानुवर्षं बसून तिनं जे टिपलं, त्यातून १९५४ साली ‘एल मोंते’ हा ग्रंथ झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे देव, विधी आणि वनस्पती त्यात आहेत.

या ग्रंथाच्या उत्तरार्धात एकेका वनस्पतीची नोंद आहे. क्यूबातलं चालू नाव, शास्त्रीय नाव, आफ्रिकेतून आलेल्या लुकुमी (योरुबा) आणि काँगो परंपरांमधली नावं, शिवाय ती वनस्पती कोणत्या देवाच्या मालकीची, आणि मग सांगणाऱ्यांचं बोलणं. वहीचं पान असंच आखा. वर मावशींनी उच्चारलं तसंच नाव, खाली शेजारच्या खोऱ्यातलं नाव, मग देव किंवा सण. शास्त्रीय नावाची जागा मोकळी ठेवा, ते शेवटी भरायचं.

प्रश्नावली नेऊ नका, झाडाची डहाळी न्या. मी आघाड्याची काडी समोर धरली आणि गप्प बसले. मावशींनी तुरा उलट्या दिशेनं बोटांतून ओढून दाखवला, बिया कशा टोचतात ते. मग म्हणाल्या, “ह्याचं मूळ असंतसं उपटायचं न्हाई बाई. आदल्या सांजंला जायचं, हळदकुंकू लावायचं, तांदूळ ठेवायचे, सांगायचं, उद्या न्यायला येते.” बाळंतीण अडली की ते मूळ बांधायचं, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, “कंबरेला न्हवं, केसात.” आणि दोघींची जुंपली.

हे भांडण जसंच्या तसं लिहा. काब्रेराच्या पानांवरही एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, आणि तिनं ते मिटवलेलं नाही. खरं कोणतं हे ठरवणं आपलं काम नव्हे. कोण म्हणालं, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली, एवढं प्रत्येक वाक्यापुढे नोंदवा. “न्हाई”चं “नाही” करू नका. ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारू नका, आणि ‘आयुर्वेदात हेच आहे’ अशी पुष्टीही जोडू नका. हा उपचार नाही, ही नोंद आहे. औषध म्हणून ती कुणाला वाचून दाखवू नका.

क्यूबातल्या रानात शिरताना वनस्पतींच्या देवाला, ओसाइनला, नमस्कार करायचा आणि पाल्याचं मोल ठेवायचं, ही रीत काब्रेराच्या ग्रंथात आहे. आपल्या देवरायांमध्येही देवाला विचारल्याशिवाय फांदी मोडत नाहीत. मला वाटतं, ज्ञानाचंही मोल ठेवलं पाहिजे. दुपारभर मावशींना अडवलं, तर त्या दुपारचा धंदा भरून द्या. “हे लिवू नको” असं त्या म्हणाल्या, तर लेखणी खाली ठेवा, घरी आल्यावर आठवून लिहायचं नाही.

शास्त्रीय नाव ठरवण्यासाठी झाडाचा नमुना फूल किंवा फळासकट घ्या. डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागच्या शिरा दिसतील. वर जाडजूड पुस्तकं ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. चिठ्ठीवर तारीख, जागा, स्थानिक नाव, फुलाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग उडतो. पुण्यात कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. तिथे ओळख पटवून घ्यायची पद्धत काय, याची आधी चौकशी करा.

काब्रेरानं १९६० साली क्यूबा सोडलं, पुन्हा परतली नाही. पुढे मायामीत जुन्या टिपणांवरून ती पुस्तकं काढत राहिली. १९९१ साली तिथेच वारली. तिचे कागद मायामी विद्यापीठात जपलेले आहेत. तेव्हा वहीची दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा. तिसरी मावशींच्या घरी द्या, आणि देण्याआधी सगळी मोठ्यानं वाचून दाखवा. त्या मध्येच थांबवतील, नवीन काही सांगतील. ते जुनं न खोडता समासात लिहा, तारखेसकट.